कालिपा-एजेची उसनी नाकं

मार्च संपत आला होता, म्हणजे सारी-तेक्तिर गावात हिवाळा अजून निम्मा शिल्लक होता. रात्री बर्फ पडलं, पहाटे वारं सुटलं आणि सकाळी ऊन पडून बालवाडीच्या अंगणात घोटाभर रेंदा झाला. त्या रेंद्यातून कोळशाची बादली नेताना कालिपा-एजेचा उजवा गमबूट दोनदा रुतला. दोन्ही वेळा तिनं बुटाला, हवेला आणि शिक्षण खात्याला एका दमात शिव्या घातल्या. खात्याचा तसा त्यात काही दोष नव्हता. पण आज खातं गावात येणार होतं, त्यामुळे शिव्यांच्या रांगेत तेही बसलं.

एजे म्हणजे अक्का. छप्पन्न वर्षांच्या कालिपाला चार वर्षांचं पोरही एजेच म्हणे आणि बालवाडीची डायरेक्टरही. एकतीस वर्षं ती त्या स्वयंपाकघरात होती. सोव्हिएतचा मोठा देश मोडल्यावर कोठारात नुसते जव उरले, तेव्हा त्या जवांची तिनं सहा महिने रोज वेगळ्या नावानं लापशी केली होती. गावात कुणाकडे मूल जन्मलं की लोण्याची वाटी घेऊन हिलाच बोलावत. बाळाच्या टाळूला आतून लोण्याचं बोट लावायचं, म्हणजे जगातली पहिली चव लोण्याची लागते. आज बालवाडीत असलेल्या सेहेचाळीस पोरांपैकी निम्म्यांच्या तोंडात आईच्या दुधाआधी कालिपाचं बोट गेलेलं होतं. पुढे त्यातल्या काहींनी ते चावलंही.

तर अशा या बाईला गेली चार वर्षं कशाचाच वास येत नव्हता.

साऱ्या जगाला दारं लावून बसवणारा तो ताप गावात आला, सगळ्यांची नाकं घेऊन गेला आणि महिन्या-दोन महिन्यांत ज्याची त्याला परत करून गेला. कालिपाचं तेवढं द्यायचं राहून गेलं. तिला ते कळलं दूध करपल्यावर. ती भांड्यापाशी उभी राहून ढवळत होती आणि अंगणातून तिसरंच माणूस ओरडत आलं, "अगं बाई, बालवाडी पेटली काय?" त्या दिवशी तिनं ते हसण्यावारी नेलं. घरी जाऊन केरोसिनचा डबा उघडला, कांदा फोडला, नवऱ्याचा जुना मेंढीच्या कातड्याचा कोट नाकाशी धरला. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि कोट बंद खोलीसारखा कुबट होता, म्हणजे असायला हवा होता. काही नाही. जिभेला खारट कळे, आंबट कळे, गोड कळे. पण त्याच्या वरचा सगळा मजला पडला होता.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सांगणार कशी? बालवाडीत नियम होता: जेवण मुलांपुढे जाण्याआधी अर्धा तास तीन जणांच्या समितीनं ते हुंगायचं, चाखायचं आणि वहीत सही करायची. समितीत आचारीण, डायरेक्टर आणि नर्स. नर्स दोन वर्षांपासून बाळंतपणाच्या रजेवर होती. महिन्यातून एकदा बाळाला काखोटीला मारून येई आणि तीस दिवसांच्या सह्या एका बैठकीत उरकून जाई. तीस दिवसांचं सूप ती एका दिवशी चाखायची, आणि तेही मनातल्या मनात. डायरेक्टर उपोल आपल्या खोलीतून सही करी, कारण स्वयंपाकघरात केसांना कांद्याचा वास लागतो. म्हणजे सेहेचाळीस पोटांची जबाबदारी ज्या तीन नाकांवर होती, त्यातलं एक घरी होतं, एक केस सांभाळत होतं आणि तिसरं मेलेलं होतं.

मग कालिपानं नाकं उसनी घेतली.

रोज सकाळी दोन पोरांची पाळी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उलटं घमेलं ठेवलेलं असे, त्यावर पोरं चढायची आणि कालिपा दुधाचं भांडं पुढे करायची. "आधी लांबून. कुत्र्यावानी भसकन नाक घालायचं न्हाई. आता जवळून. आता जिभेचं टोक, फक्त टोक. सांगा." सुरुवातीला पोरं "दूध" एवढंच सांगत. तिनं त्यांना रोज खोदलं. कसलं दूध? कालचं का आजचं? कुणाच्या गायीचं? वर्षभरात अशी गत झाली की पाच वर्षांची आयझिरेक झाकण उघडताच म्हणायची, "हे बुबूश-आजीच्या लाल गायीचं. ती परत ओढ्याकडं गेलीय, दवण्यासारखं कडू झुडूप खाऊन आलीय." आणि बुबूश-आजी खरंच दुपारभर ओढ्याकाठी गायीमागे काठी घेऊन फिरताना दिसे. मांस, लोणी, पिठाची पोती, वाळलेल्या चक्क्याचे गोळे, सगळं पोरांच्या नाकाखालून जाई. पोरांना वाटे खेळ आहे. आयांना वाटे एजे लाड करते. घरोघर मात्र बापांची पंचाईत झाली. बेकमिर्झाच्या बापानं, "मित्राकडं चहा प्यायला बसलो होतो," असं सांगितलं तेव्हा बेकमिर्झा त्याच्या मिशीशी नाक नेऊन म्हणाला, "चहा न्हाई हा."

आज मात्र खिडकीखालचं घमेलं उपोलनं सकाळीच उचलायला लावलं होतं.

"एजे, आज एकही मूल स्वयंपाकघराकडे फिरकता कामा नये. सगळ्यांना पांढरे शर्ट घातलेत."

"पाच मिनटं दे की पोरी. दोघींना फकस्त."

"कशाला?"

"असंच. सवय हाय त्यांना."

"पेरिझात-एजे येणार आहेत. तालुक्याच्या शिक्षण खात्याच्या. आणि विषय काय आहे माहिती आहे का? 'बालकांच्या घ्राण व रस संवेदनांचा विकास.' राजधानीहून पेटी आलीय खास. आणि तुम्हाला या वेळीच त्यांचे शर्ट दुधात बुडवायचेत." उपोलनं टेबलावर एक पुडकं ठेवलं. "हे कापून ठेवा पाहुण्यांसाठी. धुरावलेलं सॉसेज आहे, काल तालुक्याच्या बाजारातून आणलंय. महाग आहे हं, बेताचं कापा."

उपोल गेली. कालिपा भांड्याशी उभी राहिली. परवा संध्याकाळी कादिर खाटकानं आणलेलं मांस सुपात उकळत होतं. कालचा दिवस उबदार गेला होता, कोठाराच्या भिंतीला घाम सुटला होता. तिनं रस्सा चमच्यात घेतला, जिभेवर फिरवला. मीठ बरोबर होतं. पण मांस बिघडायला लागतं तेव्हा ते आधी नाकाला सांगतं, जिभेला सांगतं ते फार उशिरा. आणि तिच्या बाबतीत मधला निरोप्याच मेलेला. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं कुणीच न हुंगलेलं सूप रांधलं होतं. तिनं वहीत सही केली; न करून काय करणार? शेजारच्या दोन्ही सह्या, आज नर्सचीसुद्धा, उपोलनं सकाळीच करून ठेवल्या होत्या.

दहा वाजता पेरिझातबाई आल्या. उंच टाचांचे बूट रेंद्यात गेले आणि बाई बुटांशिवाय पुढे आल्या, मग परत मागे गेल्या. त्यांच्या हातात निळी पेटी होती. पेटीत बारा छोट्या बाटल्या आणि बारा चित्रं. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या विद्वानांनी, मुलांना वास कसा घ्यायचा हे शिकवायला ती बनवली होती. गेली काही हजार वर्षं मुलं वास कसा घेत होती, कुणास ठाऊक.

मोठ्या खोलीत पोरं अर्धगोलात बसली. कालिपा दाराशी उभी राहिली, अर्धा जीव चुलीवरच्या सुपात ठेवून.

"बालमित्रांनो," पेरिझातबाई म्हणाल्या, "आपल्याला नाक का दिलं आहे बरं?"

"पुसायला," एकानं सांगितलं.

बाईंनी पहिली बाटली उघडली. उत्तर होतं लिंबू. पोरांनी एकमुखानं सांगितलं, "संडास!" कारण पाहुणे येणार म्हणून काल संडासात प्रथमच पिवळं औषध ओतलं होतं आणि ते याच वासाचं होतं. बाईंनी कागदावर फुली मारली. दुसरी बाटली स्ट्रॉबेरीची. उमसुनाय म्हणाली, "माझ्या बाहुलीचं डोकं." फुली. तिसरी सूचिपर्णी वनाची. "मामाची गाडी! आरशाला लटकतंय ते!" घराघरांत धुरी द्यायला जुनिपरच्या फांद्या जाळणारी ही पोरं, बाटलीतल्या वनाला खऱ्या वनाचा वास येत असता तर त्यांनी वनच सांगितलं असतं. फुली.

"आता ही खास बाटली. बेकमिर्झा, तू सांग."

बेकमिर्झानं आधी लांबून हुंगलं, मग जवळून. शिकवल्याप्रमाणे. "बाबा लग्नाला जातेत तवा."

"नाही रे राजा. हा समुद्र आहे! समुद्राचा वास!"

"समुद्र म्हंजे?"

"खूप, खूप पाणी."

बेकमिर्झा विचारात पडला. समुद्रापासून आमचा मुलूख इतका लांब आहे, की याहून लांब जायचं म्हटलं तर माणूस परत जवळ यायला लागतो. "पाण्याला वास येत असला तर प्यायचं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "एजे सांगते."

बाराव्या बाटलीअखेर दोन बरोबर, दहा फुल्या. पेरिझातबाईंनी कपाळाला आठी घालून लिहिलं: 'बालकांची घ्राणसंवेदना अविकसित.' उपोलचा चेहरा सांडलेल्या पिठासारखा झाला.

"पोषक वातावरण नसलं की असं होतं," बाई म्हणाल्या. "कुणीतरी आदर्श दाखवायला हवा. स्वयंपाकीणबाई, या ना पुढे. तुमचं नाक तर तयार असणार. मुलांना सांगा, यात काय आहे?"

बाटली कालिपाच्या नाकाखाली आली. तिनं श्वास आत ओढला. हवा आली, गार होती. काचेवर नाव नव्हतं, चित्र उलटं ठेवलेलं होतं. स्वयंपाकघरातून चुलीवरच्या झाकणाचा खडखडाट ऐकू येत होता.

"सांगा ना."

"गोडसर... काहीतरी," कालिपा म्हणाली.

पोरं खदाखदा हसली. बाटली मिरीची होती.

आयझिरेकला हसू आलं नाही. तिला एजेचा कुणी पचका करावा हे बरं वाटलं नाही, म्हणून ती उभी राहून खणखणीत आवाजात एजेच्या बाजूनं बोलली. "एजेला नका विचारू! एजेचं नाक बंद हाय. आम्ही हुंगतो तिच्यासाठी रोज. दूध, मांस, सगळं. आज न्हाई हुंगू दिलं."

कुणाच्या वाटेला इतका खंबीर वकील येऊ नये.

पेरिझातबाईंचं पेन थांबलं. "किती वर्षं?"

"चार," कालिपा म्हणाली. आता खोटं बोलून उपयोग नव्हता.

"चार वर्षं सेहेचाळीस मुलांचं अन्न अशी व्यक्ती शिजवते आहे जिला..." बाईंना वाक्य पूर्ण करवेना. "हे मला अहवालात लिहावं लागेल. आणि तुमचं इथलं काम... तुम्ही समजून घ्या."

कालिपानं समजून घेतलं. पण तिच्या डोक्यात त्या क्षणी नोकरी नव्हती, चुलीवरचं सूप होतं. गुपित तसंही सांडलंच आहे, मग झाकण धरून काय करायचं? ती वळली, स्वयंपाकघरात गेली आणि मोठं ताट घेऊन आली. एका वाडग्यात सूप, एकात दूध, वाटीत लोणी आणि बशीत पाहुण्यांसाठी कापलेलं सॉसेज.

"एजे, हे काय आता?" उपोल दबक्या आवाजात किंचाळली.

"पेटीतलं झालं. आता पोटातलं करू," कालिपा म्हणाली. "मला काडून टाकायचं तर टाका, पण न हुंगलेलं सूप मी लेकरांम्होरं ठेवणार न्हाई. आयझिरेक, उमसुनाय, या. आधी लांबून."

पांढरे शर्ट पुढे झाले. सुपावर नाकं वाकली.

"मेंढी," उमसुनाय म्हणाली. "म्हातारी मेंढी. चांगली हाय. कांदा थोडा लागलाय खाली."

"दूध?"

"लाल गाय. घरीच होती आज."

"लोणी?"

"जुनं हाय पण बरं हाय."

कालिपानं सुपाचं वाडगं पुन्हा नीट ताटात ठेवलं. आयझिरेक आता बशीशी पोहोचली होती. लांबूनच थांबली. जवळ गेलीच नाही. दोन बोटांत नाक धरून म्हणाली, "हे गेलंय."

"काय गेलंय?" उपोलनं विचारलं. तिचं ते सॉसेज.

"मेलंय हे. आमचं मांजर कोळशामागं मेलं होतं तसं."

पेरिझातबाई हसल्या. ज्ञानी माणसं हसतात तसं, दोन्ही खांदे वापरून. "बाळांनो, याला धुरी म्हणतात. हा उंची वास आहे. तुम्हाला परिचय नाही, म्हणून तुम्हाला तो घाण वाटतो. संवेदना अविकसित म्हणते मी, ते हेच. बघा हं," आणि आदर्श दाखवण्यासाठी त्यांनी दोन चकत्या सगळ्यांसमोर सावकाश चावून खाल्ल्या. "वा! उत्कृष्ट." पाहुणे खातात म्हटल्यावर यजमानीण मागे कशी राहील? उपोलनंही एक खाल्ली, आपल्या बाजारहाटाचा मान राखायला. जेवणाच्या वेळी बाईंनी उरलेली बशी निगुतीनं संपवली आणि एक वाजता निघताना कालिपाला म्हणाल्या, "सोमवारी कळेल तुम्हाला."

कालिपा स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. पेन्शनला दोन वर्षं उरली होती, पण दोन वर्षं काय, निघून गेली असती. घरी बटाटे होते, गाय होती, शहरातला मुलगा फोन करायचा. तिला भीती होती ती गुरुवारची.

आज गुरुवार होता. गुरुवारी गावातल्या प्रत्येक घरात तेल तापतं आणि त्यात कणकेचे तुकडे पडतात. तो वास गेलेल्या माणसांसाठी. त्यांना खाता येत नाही, वासच पोहोचतो; तो आला की त्यांना कळतं, आपली आठवण आहे. सरकारी तक्त्यात या दिवशी 'तळलेला पिठाचा पदार्थ, चाळीस ग्रॅम' असा चहाबरोबरचा रकाना होता, आणि त्या रकान्यात सरकारच्या नकळत कालिपानं आपल्या नवऱ्याला, तुर्दुकूलला, घुसवलं होतं. घरी तिनं पहिल्या वर्षी तळून पाहिलं होतं. कढईतून धूर येताना दिसला. पण वास आला का? तो गेला का वर? विचारायला घरात कोण होतं? एकदा तेल जुनं निघालं आणि शेजारीण म्हणाली, "कालिपा, कसला गं हा घाणेरडा दर्प?" म्हणजे ती कोण जाणे किती गुरुवार मेलेल्या नवऱ्याला खवट तेल पाठवत होती. जिवंतपणी त्यानं खाण्यापिण्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. तेवढ्यासाठी मेल्यावर त्याची अशी परीक्षा पाहणं बरं दिसलं नसतं. तेव्हापासून ती इथेच तळत होती, जिथं सांगायला नाकं होती.

तिनं कणीक लाटली, चौकोन पाडले, कढई चढवली. तेवढ्यात उपोल दारात आली. एक हात पोटावर, एक चौकटीवर.

"एजे, ती मुलगी... त्या सॉसेजला काय म्हणाली होती?"

"मांजर."

उपोल अंगणातल्या संडासाकडे गेली. लिंबाचा वास तिथं अजून ताजा होता. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिचा फोन वाजत होता. कालिपाला पलीकडचा बारीक आवाज ऐकू येत होता, तालुक्याच्या रस्त्यावरून, वाऱ्यातून. पेरिझातबाईंची गाडी तिसऱ्यांदा थांबली होती. झाडं नसलेल्या त्या माळावर बाईंनी आडोसा कुठला शोधला, हे त्यांनी सांगितलं नाही.

"हो एजे," उपोल फोनवर म्हणत होती. "नाही एजे, मुलांना काही नाही झालं. त्यांनी खाल्लंच नाही ना... हो, तुम्ही उत्कृष्ट म्हणाला होतात. सगळ्यांनी ऐकलंय... नर्स? नर्स रजेवर... हो, सही आहे माझी. सकाळची... नाही, नाही, कुणाला कशाला कळवायचं?"

फोन ठेवून ती स्टुलावर कोसळली. केसांना कांद्याचा वास लागण्याची तिला आता पर्वा राहिली नव्हती.

"काय म्हणतेत?"

"अहवाल बदलतायत. 'घ्राणसंवेदना समाधानकारक.' तुमच्याबद्दल काहीच लिहीत नाहीत. तुमचं लिहिलं तर वही मागवतील, वही मागवली तर माझी सही दिसेल, आणि मग सॉसेज कुणी आणलं, कुणी चांगलं म्हटलं..." उपोलनं डोळे मिटले. "उद्यापासून ते घमेलं परत खिडकीखाली ठेवा."

"आणि पांढरे शर्ट?"

"गेले खड्ड्यात. आणि मी पण येत जाईन सकाळी."

"तू कशाला येतीस पोरी? ज्यांनी ते खाल्लं न्हाई त्यांना हुंगू दे. तू सही कर. पन आधी सूप तोंडात जाऊ दे, मग सही."

उपोल हसायला गेली आणि पोट धरून पुन्हा अंगणात पळाली.

तेल तापलं होतं. कालिपानं पहिले सात तुकडे सोडले, ते फुगून वर आले, धूर छताकडे निघाला. खिडकीत आयझिरेकचं डोकं दिसलं; सकाळी आपण काय करून बसलो याचा तिला अंदाज असावा, कारण ती नेहमीसारखी आत ओरडली नाही.

"ये की. भूत बघितल्यावानी काय उभी?"

"मी सांगायला नको होतं का, एजे?"

"सांगितलंस ते सांगितलंस. आता हे सांग. आला का?"

आयझिरेकनं आधी लांबून घेतला. मग जवळून. वेळ लावला, कारण कामात हयगय केलेली एजेला चालत नसे.

"आला. तेल नवं हाय. वर गेलाय, पत्र्याच्या भोकातून बाहेर पण गेला."

कालिपानं तुर्दुकूलचं नाव घेतलं, आपल्या आईचं घेतलं, ओठातल्या ओठात चार शब्द म्हटले आणि दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. मग आयझिरेकच्या हातात सर्वांत फुगलेला तुकडा देऊन, उरलेले तुकडे तळून कढई उतरवून, ती खाली वाकली आणि चुलीतली राख बादलीत ओढायला लागली. बादली भरली. तिनं उजवा गमबूट घातला, आत चिखल होता, तो झटकून पुन्हा घातला आणि राख टाकायला बाहेर पडली.